ग्राहकाशी टिकाऊ नाते जोडताना: तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ग्राहकांशी नाते जोडायचे ठरले की बहुतेक ब्रँड सर्वांत आधी पॉइंट्सची योजना काढतात, वाढदिवसाला शुभेच्छा पाठवणारी यंत्रणा बसवतात आणि समाजमाध्यमांवर आपुलकीच्या भाषेत बोलू लागतात. ही कामे निरुपयोगी नाहीत, परंतु ती प्रक्रियेच्या उत्तरार्धातली आहेत. ज्या ग्राहकाची तक्रार पंधरा दिवस अनुत्तरित पडली आहे, त्यालाच 'तुम्ही आमच्यासाठी खास आहात' असा संदेश गेला, तर त्याची चीड वाढण्यापलीकडे काहीही घडत नाही. म्हणून या लेखात क्रमाला सर्वाधिक महत्त्व दिले आहे. आधी वचन, मग नोंदी, मग वस्तूचा पहिला वापर, मग तक्रारी, त्यानंतर संवाद आणि सहभाग, आणि बक्षीस त्याच्याही नंतर. एका टप्प्याची तपासणी पार पडल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर पैसा खर्च करू नये.

## पूर्वतयारी: नाते कोणाशी आणि किती जवळचे

प्रत्येक वस्तूशी माणसाचे सारखेच नाते जुळत नाही. विमा, वैद्यकीय उपकरण किंवा बँकेचे खाते बिघडले तर माणसाच्या आयुष्यात उलथापालथ होते. साबणाची वडी थोडी वेगळी निघाली, तर तो पुढच्या वेळी दुसरी घेतो आणि विसरून जातो. म्हणून आधी तीन गोष्टी लिहून काढाव्यात: ही वस्तू ग्राहक किती वेळा घेतो, ती बिघडल्यास त्याचे नेमके काय अडते, आणि दुसऱ्या ब्रँडकडे जाणे त्याला किती सोपे आहे. ज्या वस्तूचा ग्राहक विचारच करत नाही, तिच्या बाबतीत उत्तम नाते म्हणजे दर वेळी तोच दर्जा आणि हवी तेव्हा उपलब्धता. अशा ग्राहकाला 'परिवाराचे सदस्य' म्हणत सुटणे त्याला परके वाटते.

दुसरी बाब ग्राहकांच्या संख्येची. बाजारपेठेच्या अभ्यासात एक आकृतिबंध वारंवार आढळतो: लहान ब्रँडला ग्राहक कमी असतात आणि ते ग्राहक त्या ब्रँडची खरेदीही थोडी कमी वेळा करतात. मोठ्या ब्रँडकडेही अधूनमधून येणारेच जास्त असतात. त्यामुळे सगळी मेहनत मूठभर अतिनिष्ठावंतांवर खर्च करणारी योजना मुळातच अपुरी ठरते. वर्षातून एकदा येणाऱ्या ग्राहकालाही नीट वागणूक मिळेल, अशीच रचना आखावी.

तिसरी तयारी माहितीची. शेवटच्या शंभर तक्रारी, परत आलेल्या वस्तूंची कारणे आणि सोडून गेलेल्या ग्राहकांची यादी निर्णय घेणाऱ्या व्यक्तीने स्वतः वाचावी. सारांशावर समाधान मानू नये. सोडून गेलेल्यांपैकी काहींशी प्रत्यक्ष बोलावे. बोलताना 'तुम्ही का सोडलेत?' असे विचारले, तर बहुतेक जण 'महाग वाटले' असे सोपे उत्तर देऊन मोकळे होतात. त्याऐवजी 'शेवटच्या वेळी काय घडले, ते सुरुवातीपासून सांगाल का?' असे विचारावे. मग न आलेला फोन, तीनदा भरावा लागलेला अर्ज, चुकीचे बिल अशा खऱ्या गोष्टी बाहेर येतात.

प्रश्न चुकीचा असेल, तर मोठी पाहणीही दिशाभूल करते. कोका-कोलाने 1985 साली नवी चव आणण्यापूर्वी सुमारे दोन लाख लोकांकडून चवचाचणी करून घेतली होती आणि कौल नव्या चवीच्या बाजूने होता. जुने पेय कायमचे बंद झाले तर लोकांना काय वाटेल, याचा अंदाज मात्र त्या चाचणीतून आला नाही. तीव्र विरोध झाला आणि 79 दिवसांत जुने पेय परत आणावे लागले. लोक केवळ चव विकत घेत नव्हते. त्यांच्या सवयी आणि आठवणीही त्या पेयाशी बांधलेल्या होत्या.

तपासणी: वितरण, बिले आणि सेवा या तिन्ही विभागांना सूचना देण्याचा अधिकार असलेली एक जबाबदार व्यक्ती नेमली आहे का? हे काम एकट्या जाहिरात विभागाकडे दिले असेल, तर येथेच थांबावे. ज्या विभागाला चुकलेले बिल दुरुस्त करता येत नाही, त्याला नातेही सांभाळता येत नाही.

## टप्पा 1: पाळता येईल असे वचन लिहून काढणे

'उत्कृष्ट सेवा' किंवा 'ग्राहक प्रथम' हे वचन नव्हे, कारण ते मोडले की पाळले गेले हे कोणालाच ठरवता येत नाही. वचन तपासता आले पाहिजे. 'तक्रार नोंदवल्यापासून 48 तासांत तंत्रज्ञ येईल, आणि न आल्यास भेटीचे शुल्क आकारले जाणार नाही' हे खरे वचन आहे. त्यात काय होणार, केव्हा होणार आणि न झाल्यास काय, या तिन्ही गोष्टी स्पष्ट आहेत.

आकडा ठरवताना होणारी चूक सर्वत्र सारखीच दिसते: आपल्या सर्वोत्तम दिवशी जे जमते, तेच वचन म्हणून छापले जाते. त्याऐवजी गेल्या काही महिन्यांच्या नोंदी काढाव्यात आणि दहापैकी नऊहून अधिक वेळा जी मुदत पाळली गेली, तीच जाहीर करावी. स्पर्धकापेक्षा ती थोडी लांब दिसली तरी चालेल. दोन दिवस सांगून चार दिवसांनी येणाऱ्यापेक्षा तीन दिवस सांगून तिसऱ्या दिवशी येणारा विश्वासाला पात्र ठरतो.

त्यानंतर जाहिराती, वेष्टनावरचा मजकूर, विक्रेत्याचे तोंडी बोलणे आणि हमीपत्र ही चारही कागदावर शेजारी शेजारी मांडून पाहावीत. जाहिरातीत मोठ्या अक्षरात दिलेले आश्वासन हमीपत्रात बारीक अक्षरांत मागे घेतलेले असेल, तर जाहिरात बदलावी. आपण काय देत नाही, हेही खरेदीपूर्वीच सांगावे. त्यामुळे काही विक्री हुकेल, परंतु हुकलेली ती विक्री पुढे परतावा आणि तक्रार होऊनच आली असती.

सावधान: वचन जाहीर करण्यापूर्वी ते प्रत्यक्ष पाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना दाखवावे. मुदतीबद्दलचे त्यांचे मत कार्यालयातल्या अंदाजापेक्षा अधिक खरे असते.

## टप्पा 2: ग्राहकाची एकच नोंद ठेवणे

विक्रीची माहिती एका ठिकाणी, दुरुस्तीची दुसरीकडे आणि ईमेल तिसऱ्या ठिकाणी असेल, तर ग्राहकाला दर वेळी आपली कहाणी नव्याने सांगावी लागते. या टप्प्याचे उद्दिष्ट मर्यादित आहे: फोन उचलणाऱ्या व्यक्तीला ग्राहकाने काय घेतले, केव्हा घेतले, आधी कोणती अडचण आली आणि तिचे काय झाले, हे एकाच पडद्यावर दिसावे. त्यासाठी महागडी प्रणालीच हवी असे नाही. ग्राहक थोडे असतील तर शिस्तीने भरलेला एक तक्ताही पुरतो.

उपयोग ठरलेला नसताना माहिती गोळा करू नये. जन्मतारीख, उत्पन्न, कुटुंबातील माणसे यांतले जे काही सेवेसाठी लागत नाही, ते विचारूच नये. संमती घेताना ती काढून घेण्याची वाटही तितकीच सोपी ठेवावी. युरोपीय संघात 25 मे 2018 पासून लागू झालेल्या माहिती-संरक्षण नियमांत संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, असे स्पष्ट बंधन आहे. ज्या देशात असे बंधन नाही, तेथेही हे तत्त्व पाळणे ब्रँडच्या हिताचे आहे.

तपासणी: एका जुन्या ग्राहकाची नोंद उघडावी आणि त्याची शेवटची तक्रार कशी मिटली, हे सांगण्याचा प्रयत्न करावा. उत्तर मिळवण्यासाठी दुसऱ्या विभागाला फोन करावा लागला, तर हा टप्पा अपूर्ण आहे.

## टप्पा 3: विक्रीनंतरचे पहिले दिवस

पैसे दिल्यानंतर ग्राहकाच्या मनात थोडी धाकधूक असते. आपण बरोबर निवड केली का, हे तो पहिल्या काही दिवसांत ठरवतो आणि नेमक्या त्याच काळात बहुतेक ब्रँड गप्प असतात. म्हणून 'पहिले यश' म्हणजे काय हे आपल्या वस्तूपुरते निश्चित करावे आणि ग्राहक तिथवर बिनअडचण कसा पोहोचेल, याची आखणी करावी.

समोरून कपडे टाकायच्या वॉशिंग मशीनचे उदाहरण घेऊ. प्रवासात आतला ड्रम हलू नये म्हणून मागच्या बाजूला वाहतुकीचे बोल्ट लावलेले असतात. ते न काढता मशीन चालवले, तर ते प्रचंड थरथरते, जागेवरून सरकते आणि आतले भागही निकामी होऊ शकतात. ही सूचना माहितीपुस्तिकेत असतेच, पण नवे मशीन आल्याच्या उत्साहात पुस्तिका कोण उघडतो? त्यामुळे ग्राहकाला पहिल्याच दिवशी वाटते की आपल्या माथी सदोष वस्तू मारली गेली. अशा वस्तूसाठी संदेशांचा क्रम असा असावा: मशीन घरी पोहोचण्याच्या आदल्या दिवशी जागा, नळ आणि प्लग यांच्या तयारीची सूचना, पोहोचल्याबरोबर बोल्ट काढण्याबद्दल छायाचित्रासह एकच वाक्य, आणि तेच वाक्य मशीनच्या दारावर ठळक चिकटवलेले, पहिल्या धुण्यानंतर 'सर्व ठीक आहे ना?' एवढाच प्रश्न. आणि काही आठवड्यांनी गाळणी साफ करण्याची आठवण. या चारही संदेशांत काहीही विकायचे नाही.

येथे दोन चुका फार होतात. वस्तूचे खोके उघडण्यापूर्वीच 'आम्हाला पाच तारे द्या' अशी विनंती येते, किंवा लगेच वाढीव हमी विकण्यासाठी फोन सुरू होतात. दोन्हींमुळे ग्राहकाचा समज होतो की ब्रँडला फक्त पुढची वसुली करायची आहे.

## टप्पा 4: तक्रार हाताळणे

माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक वेळ, माणसे आणि अधिकार या टप्प्याला द्यायला हवेत. सगळे सुरळीत असताना सर्व ब्रँड सारखेच गोड बोलतात. बिघडल्यावर कोण कसे वागतो, यावरूनच ग्राहक पुढचा निर्णय घेतो.

तक्रार करणारा माणूस तीन प्रकारचा न्याय शोधतो. पहिला फळाचा: दुरुस्ती, बदली वस्तू किंवा पैसे मिळाले का. दुसरा प्रक्रियेचा: त्यासाठी किती खेटे घालावे लागले. तिसरा वागणुकीचा: आपल्याशी माणसासारखे बोलले गेले का. पैसे पूर्ण परत करूनही ग्राहक नाराज राहतो, तेव्हा दुसरा किंवा तिसरा न्याय हुकलेला असतो. तक्रार हाताळण्याचा क्रम असा ठेवावा.

1. पोच त्याच दिवशी द्यावी, आणि ती माणसाच्या नावाने द्यावी.
2. अडचण ग्राहकाच्याच शब्दांत परत सांगावी, म्हणजे ती समजली आहे याची त्याला खात्री पटते.
3. पुढे काय होणार आणि केव्हा होणार, हे सांगावे. कारण माहीत नसेल तर पुढचा फोन केव्हा येईल ते सांगावे आणि सांगायला नवे काही नसले तरी त्या वेळेला फोन करावा.
4. आधी अडचण दूर करावी. चूक कोणाची याची चौकशी नंतर.
5. काम झाल्यावर काही दिवसांनी पुन्हा विचारावे.
6. कारणाची नोंद करून ते संबंधित विभागाकडे पाठवावे, आणि तीच तक्रार पुन्हा येते का, ते पाहावे.

उत्तराच्या भाषेकडे बारकाईने पाहावे. 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे' या दोन वाक्यांत काय बिघडले, कोण पाहणार आणि केव्हा पाहणार, यांतले काहीच नाही. त्याऐवजी असे लिहावे: 'मशीनच्या पाण्याच्या नळीतून गळती होत आहे आणि आमचा तंत्रज्ञ ठरल्याप्रमाणे मंगळवारी आला नाही. ही चूक आमची आहे. नवी नळी घेऊन तो उद्या सकाळी 10 ते 12 या वेळेत येईल. तोपर्यंत नळ बंद ठेवावा. तो निघाला की मी स्वतः आपल्याला फोन करेन.' दुसरे उत्तर लिहिणाऱ्याला तंत्रज्ञाचे वेळापत्रक दिसावे लागते आणि भेट ठरवण्याचा अधिकार असावा लागतो. टप्पा 2 अपुरा राहिला असेल, तर असे उत्तर लिहिणे शक्यच होत नाही.

म्हणून पहिल्या पायरीवरच्या कर्मचाऱ्याला ठरावीक रकमेपर्यंत परतावा किंवा बदली वस्तू देण्याची मुभा द्यावी. लबाडी करणारे काही ग्राहक भेटतील. त्यांच्या भीतीने प्रामाणिकांकडून पुराव्यांची रास मागितली, तर होणारे नुकसान वाचलेल्या रकमेपेक्षा मोठे असते.

धोका जिवाशी संबंधित असेल, तर चौकशीची वाट पाहूच नये. 1982 साली अमेरिकेत शिकागो परिसरात कोणीतरी टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड हे विष मिसळले आणि सात जणांचा मृत्यू झाला. ते औषध विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने देशभरातून सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या आणि नंतर छेडछाड केल्यास लगेच कळेल अशा वेष्टनात औषध पुन्हा बाजारात आणले. विष कंपनीच्या कारखान्यात मिसळले गेले नव्हते, तरीही जबाबदारी उचलताना तिने तो मुद्दा आड येऊ दिला नाही.

सावधान: चूक उत्तम रीतीने निस्तरली की ग्राहक पूर्वीपेक्षाही खूश होतो, असे अनेकदा सांगितले जाते. असे कधी कधी घडते, परंतु त्यावर भिस्त ठेवू नये. तीच चूक दुसऱ्यांदा झाली की पहिल्या वेळची सारी मेहनत वाया जाते.

तपासणी: तक्रार 'बंद' झाली हे कोण ठरवते? ते ग्राहकाने ठरवले पाहिजे. कर्मचाऱ्याला बंद केलेल्या तक्रारींच्या संख्येवर बढती मिळत असेल, तर तक्रारी सुटण्यापूर्वीच बंद होतात.

## टप्पा 5: संवाद

आता बोलायला हरकत नाही. कोणताही संदेश पाठवण्यापूर्वी विचारावे: याचा या ग्राहकाला आज उपयोग आहे का, हे त्याने मागितले होते का, आणि हा संदेश गेलाच नाही तर त्याचे काही अडेल का? तिन्ही उत्तरे 'नाही' असतील, तर संदेश रद्द करावा. ज्याची तक्रार उघडी आहे, त्याला जाहिरातीचे सर्व संदेश आपोआप थांबतील, अशी सोय प्रणालीत आवर्जून करावी. ही सोय नसलेले ब्रँड मला वारंवार दिसतात आणि ती बसवणे मुळीच अवघड नाही.

वाईट बातमी आधी आणि स्वतःहून सांगावी. किंमत वाढणार असेल, वजन कमी होणार असेल किंवा एखादी सुविधा बंद होणार असेल, तर ती कधीपासून, किती आणि का, हे साध्या शब्दांत कळवावे. किंमत तीच ठेवून गुपचूप वजन कमी करणे ग्राहकाच्या लक्षात आले की तो आधीच्या प्रामाणिक व्यवहारांवरही संशय घेऊ लागतो.

## टप्पा 6: सहभाग

ज्यावर कृती करण्याची तयारी नाही, त्याबद्दल ग्राहकांचे मत मागू नये. मत मागायचे असेल, तर त्याचे पुढे काय होणार याचे नियम आधीच जाहीर करावेत. खेळण्यातल्या ठोकळ्यांच्या लेगो या कंपनीच्या 'आयडियाज' या उपक्रमात ग्राहकाने सुचवलेल्या रचनेला 10,000 जणांचा पाठिंबा मिळाला की कंपनी तिचे औपचारिक परीक्षण करते. उत्पादन होईलच असे आश्वासन त्यात नसते, परंतु परीक्षण होईल हे निश्चित असते. बहुतेक ब्रँडना एवढे मोठे काही करण्याची गरज नाही. 'आपण सुचवल्याप्रमाणे झाकणाची रचना बदलली आहे' असे सुचवणाऱ्याला कळवले, तरी ते पुष्कळ होते.

## टप्पा 7: बक्षीस योजना

अमेरिकन एअरलाइन्सने 1981 साली 'अॅडव्हान्टेज' ही नियमित प्रवाशांसाठीची बक्षीस योजना सुरू केली आणि पुढे जवळजवळ प्रत्येक क्षेत्राने तिचे अनुकरण केले. विमान कंपनीकडे प्रवाशांच्या नोंदी आधीच असतात, आणि एरवी रिकामी जाणारी जागा बक्षीस म्हणून देताना तिला फारसा खर्च येत नाही. आपल्याकडे या दोन्हींपैकी काहीच नसेल, तर पॉइंट्स म्हणजे उशिरा दिलेली सवलत ठरते. ग्राहक सवलतीसाठी येतो आणि ती संपली की निघून जातो.

योजना काढलीच, तर तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. जमा झालेल्या पॉइंट्सचे मूल्य नंतर घटवू नये. मुदत संपत असल्याचे शेवटच्या दिवशी कळवू नये. आणि नव्या ग्राहकाला जुन्यापेक्षा स्वस्त दर देऊ नये. ही तिसरी चूक सर्वांत महागात पडते: वर्षानुवर्षे नियमित पैसे भरणाऱ्याला जेव्हा कळते की काल आलेल्याला तीच सेवा कमी दरात मिळते, तेव्हा आपल्या निष्ठेचा आपल्यालाच दंड झाला, असे त्याला वाटते आणि त्याचे ते वाटणे योग्यच असते.

## टप्पा 8: मोजमाप

एकूण विक्री वाढत असली, तरी नाती तुटत असू शकतात, कारण नवे ग्राहक जुन्यांची गळती झाकून टाकतात. म्हणून ज्या महिन्यात ग्राहक आले, त्या महिन्यानुसार त्यांचे गट करावेत आणि त्यातले किती जण सहा महिन्यांनी व वर्षाने परत आले, हे गटागटाने पाहावे. नव्या गटांचे प्रमाण जुन्या गटांपेक्षा घसरत असेल, तर बिघाड अलीकडचा आहे आणि तो शोधणे सोपे जाते.

'आमची शिफारस कराल का?' या 0 ते 10 गुणांच्या प्रश्नावर 2003 पासून प्रचलित झालेला शिफारस निर्देशांक वापरताना सावध राहावे. 9 आणि 10 देणाऱ्यांच्या टक्केवारीतून 0 ते 6 देणाऱ्यांची टक्केवारी वजा केली की तो निघतो. समजा, एका ब्रँडचे 50 टक्के ग्राहक उत्साही आणि 30 टक्के नाराज आहेत, तर दुसऱ्याचे 30 टक्के उत्साही आणि 10 टक्के नाराज आहेत. दोघांचाही निर्देशांक 20 येतो, परंतु पहिल्याला तातडीने नाराजांकडे धावायला हवे आणि दुसऱ्याला उदासीन राहिलेल्या 60 टक्क्यांकडे. म्हणून आकडा एकटा पाहू नये. त्यामागचे तिन्ही गट पाहावेत आणि कमी गुण देणाऱ्याला फोन करावा.

सावधान: कर्मचाऱ्यांचा पगार या गुणांशी जोडला, तर ते ग्राहकाकडे दहा गुणांची याचना करू लागतात आणि मोजमाप निरुपयोगी होते.

## टप्पा 9: निरोप

सदस्यत्व एका क्लिकवर सुरू होते आणि बंद करण्यासाठी मात्र कामाच्या वेळेत फोन करून तीन जणांना कारणे सांगावी लागतात, अशी व्यवस्था अनेक ठिकाणी मुद्दाम ठेवलेली असते. त्यातून ब्रँडला काही महिन्यांचे शुल्क जास्त मिळते आणि ग्राहक कायमचा जातो. जाणाऱ्याला कारण एकदाच आणि ऐच्छिक म्हणून विचारावे, शिल्लक रक्कम न मागता परत करावी, त्याची माहिती कधी पुसली जाईल हे सांगावे आणि त्यानंतर त्याला संदेश पाठवू नयेत. तो परत आला आणि त्याची नोंद ठेवण्यास त्याने संमती दिलेली असेल, तर त्याला अनोळखी असल्यासारखे पुन्हा पहिल्यापासून सर्व विचारू नये.

तपासणी: दर तीन महिन्यांनी संस्थेतल्या वरिष्ठ व्यक्तीने सामान्य ग्राहक म्हणून खाते उघडावे, एक तक्रार नोंदवावी आणि मग खाते बंद करावे, आणि प्रत्येक पायरीला लागलेला वेळ लिहून ठेवावा. बंद करायला उघडण्यापेक्षा जास्त वेळ लागला, तर दुरुस्तीचे काम तेथून सुरू करावे.